संक्रांतीचं वाहन

आमच्या मयूर विहारच्या घरात काचेचं एक कपाट आहे. त्याला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा माझा नियम. माझे बाकीचे नियम बायकोने केव्हाच धाब्यावर बसवले. हा एक तेवढा पाळला, कारण त्यामुळे त्या कपाटाची धूळ पुसायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. दिल्लीची धूळ म्हणजे सकाळी पुसा, संध्याकाळी पुन्हा हजर. मी दर रविवारी एक मऊ ब्रश घेऊन बसतो आणि एकेक गाडी साफ करतो.

गाड्या खेळण्यातल्या नव्हेत. कोणी 'खेळणी' म्हटलं की माझं डोकं फिरतं. जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून केलेल्या, खऱ्या गाडीच्या बरोबर त्रेचाळीसाव्या हिश्श्याच्या प्रतिकृती आहेत त्या. डायकास्ट म्हणतात. दारांच्या मुठी, वायपर, चाकांच्या तारा, सगळं मापात. त्यातही माझ्याकडे फक्त युरोपातल्या जुन्या गाड्या आहेत, मी जन्मलो त्याच्या आसपासच्या. मी स्वतः आयुष्यभर आधी बसने आणि मग मेट्रोने ऑफिसला गेलो, युरोपात कधी पाय ठेवला नाही. सहकारी परदेश दौऱ्यावर निघाले की मी सांगायचो, चॉकलेटं नकोत, अशा एका गाडीची डबी आणा. माझं खातं हिशेबतपासणीचं. दुसऱ्यांच्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि घरच्यांच्या मते छंदही तोच.

कपाटाचा नियम मोडायची मुभा एकाच माणसाला होती. माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला.

माझा भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. आई-वडील लवकर गेले, त्यामुळे तो आमच्याच घरात वाढला आणि शिकला. नंतर नोएडातल्या आयटी कंपनीत लागला आणि पुण्याची मुलगी करून गाझियाबादला एका उंच इमारतीत राहायला गेला. मूलबाळ नव्हतं. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हाच तिने कपाटाची काच बाजूला सरकवली आणि मी ओरडायच्या आत एक गाडी तळहातावर घेतली. खाली झुकलेल्या नाकाची, मागचं चाक अर्धं झाकलेली ती फ्रेंच गाडी म्हणजे माझ्या संग्रहाची शान होती. "भाऊजी, ही तर बेडकी आहे हो," ती म्हणाली. मी तिला गाडीचा इतिहास सांगायला सुरुवात केली. तिने तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "असेल. पण आहे बेडकीच."

मग एकेक करत तिने सगळ्यांची बारशी केली. गोल पाठीची जर्मन गाडी भुंगा झाली. लांबलचक नाकाची लाल इटालियन गाडी झाली पोपटीण, रंग लाल असूनही, कारण चोच. आणि एक अगदी छोटी, मलईच्या रंगाची, फुगलेली इटालियन गाडी होती तिचं नाव बत्तासा. मी चिडायचो. नंतर माझ्या लक्षात आलं की मीही मनात त्यांना याच नावांनी हाका मारतो.

संक्रांत दर वर्षी कशावर तरी बसून येते. वाघावर येते, हत्तीवर येते, एखाद्या वर्षी गाढवावरही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिचं वाहन, तिची साडी, ती कोणत्या दिशेने आली आणि कुठे पाहतेय हे सगळं छापलेलं असतं. माझी बायको ते दर वर्षी मोठ्याने वाचते आणि जिकडे संक्रांत पाहत असेल तिकडे आपली माहेरची माणसं राहत नाहीत ना, याची खात्री करून घेते. भावजयीने यात एक भर घातली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती यायची, कपाटातली एक गाडी निवडायची आणि देवासमोर तिळगुळाच्या ताटलीशेजारी ठेवायची. हे यंदाच्या संक्रांतीचं वाहन. "दिल्लीत बिचारी वाघावर कुठे येणार," ती म्हणायची, "रिंगरोडवरच अडकेल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू असायचं. बायका ती गाडी पाहून हसायच्या. एकदा कोणीतरी भुंग्याला चक्क हळद-कुंकू वाहिलं आणि त्याच्या टपावरचा पिवळा डाग काढताना मी आठवडाभर धुसफुसत होतो.

दुसरी प्रथा दिल्लीतल्या पुष्कळ मराठी माणसांची आहे. संक्रांतीला पानिपतला जायचं. ज्या मैदानात आपली एक अख्खी पिढी कापली गेली तिथलं स्मारक पाहायचं, हात जोडायचे, डबे उघडायचे आणि परत यायचं. ज्या दिवशी हरलो त्याच दिवशी हरलेल्या जागी तिळगूळ घेऊन जाणारी माणसं जगात फक्त आपणच असू. एखादं काम फसलं तर आपण पानिपत झालं म्हणतो, संकट आलं तर संक्रांत आली म्हणतो, आणि पुन्हा दोन्हींना गाडी काढून भेटायला जातो. मला यात गंमत वाटायची. जानेवारीतलं धुकं आणि तो हायवे कसा असतो हे मला माहीत होतं, तरी वाटायची.

त्या वर्षी मला रजा मिळाली नाही. बायकोला हळदीकुंकवाची तयारी करायची होती. तेव्हा भाऊ आणि भावजय दोघंच जाणार होते. आदल्या संध्याकाळी ती आली. कॅलेंडरात संक्रांतीचं वाहन काय आहे हे बायको वाचायला लागली तर म्हणाली, "ते राहू दे ताई, यंदा ती बत्ताशावर बसून येणार." तिने कपाटातून ती मलईच्या रंगाची गाडी काढली, ओढणीच्या टोकाने उगाचच पुसली आणि ताटलीशेजारी ठेवली.

निघताना दारात नेहमीचा विनोद झाला. पानिपतला जाणारा प्रत्येक मराठी माणूस तो करतोच.

"चला भाऊजी, पानिपतला चाललोय. परत आलो तर हळदीकुंकवाला येऊ."

"नक्की येणार ना? विश्वास ठेवू?" मी विचारलं.

"विश्वास? तो तर पानिपतातच गेला!" ती म्हणाली आणि हसत जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात होतो. फोन भावाच्या नंबरावरून आला पण आवाज त्याचा नव्हता. "आप इनके भाई बोल रहे हैं?" पलीकडून कोणी पोलीस विचारत होता. पानिपतच्या वाटेवर, मुरथलच्या पुढे, धुक्यात, रस्त्याच्या डाव्या बाजूला एक ट्रक बंद पडून उभा होता. मागे दिवा नाही, काही नाही. भावाला तो दिसला तेव्हा अगदी जवळ होता. त्याने ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे घेतली. गाडीची उजवी बाजू ट्रकला चुकवून निघाली, डावी ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर गेली. डावीकडे ती बसली होती. भावाचा हात मोडला. ती हॉस्पिटलला पोचायच्या आत गेली.

संध्याकाळी हळदीकुंकवाच्या चार बायका आल्या. त्यांना कळवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. दाराला कुलूप पाहून परत गेल्या.

पुण्याहून तिचे आई-वडील आले, दिवस झाले, ते परत गेले. तिच्या आईने भावाला एका शब्दाने दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं. तो आमच्याकडे राहायला तयार होईना. गाझियाबादच्या त्या फ्लॅटमध्ये एकटाच राहिला. हाताचं प्लास्टर निघालं, ऑफिस त्याने घरूनच सुरू केलं, जेवण एकवेळचं. एकदा बायको डबा घेऊन गेली तर बाल्कनीत, कठड्याला अगदी लागून एक खुर्ची ठेवलेली दिसली. त्या बाल्कनीत पूर्वी कधी खुर्ची नव्हती. ती घरी आली आणि चपला न काढता मला म्हणाली, "अहो, मला त्या खुर्चीची भीती वाटते."

मलाही वाटली. तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता, आणि तो आम्ही एकमेकांना कधी विचारला नाही. हा जगायचं ठरवतो की नाही?

बायकोने तिच्या परीने उपाय काढला. रोज सकाळी ती त्याला मोबाइलवर काहीतरी पाठवायची. कधी भाजी कोणती करतोयस, कधी पाणी आलं का, कधी नुसतंच गुड मॉर्निंगचं फूल. उत्तरात तो फक्त अंगठा पाठवायचा. तो अंगठा आला की तिच्या पोळ्या नीट व्हायच्या. यायला उशीर झाला की करपायच्या, आणि मी त्या तशाच खायचो.

एका रविवारी तो आपण होऊन आला. गाडी तो आता चालवत नव्हता, मेट्रोने आला. मी ब्रश घेऊन बसलेलो. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "दादा, बत्तासा कुठे आहे?"

ती गाडी माझ्या बायकोने कपाटातून हलवली होती. अपशकुनी म्हणून तिला फेकायची होती. मी म्हटलं, जस्ताचा तुकडा आहे तो, त्याला शकुन कळतो का? आमचं त्यावर जोरात वाजलं. शेवटी तिने जुन्या रुमालात गुंडाळून ती धान्याच्या कपाटात मागे ठेवली होती. मी काढून दिली. भावाने ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेला. चहाचा चौकोनी डबा घेऊन आला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कडेने ठेवला. माझ्याकडे ट्रक नव्हते. तो डबा म्हणजे ट्रक. टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडाची निळी किनार म्हणजे दुभाजक.

मग त्याने गाडी डब्याच्या दिशेने ढकलत नेली. सावकाश, ओठ घट्ट मिटून.

"मी इथे होतो," तो म्हणाला. "इथे मला काहीतरी काळं दिसलं. इथे मी उजवीकडे घेतली." टक्, असा बारीक आवाज झाला. त्याने गाडी उचलली आणि पुन्हा पहिल्या जागी ठेवली. "डावीकडे घेतली असती तर? डावीकडे कच्चा रस्ता होता."

त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला. चहा व्हायचा, थोडं इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं, आणि मग डबा टेबलावर यायचा. डावीकडे घेतली असती तर. सरळ गेलो असतो तर. जरा आधी ब्रेक दाबला असता तर. माझ्या युरोपच्या त्या नाजूक गाड्या आमच्या हायवेवर उतरल्या. मागून येणारी गाडी म्हणून कधी भुंगा, उजव्या लेनमधून गेलेली एक मोठी गाडी होती तिच्या जागी बेडकी. बत्ताशाच्या डाव्या गालाचा रंग उडाला आणि खालचं राखाडी जस्त दिसायला लागलं. मनुष्यस्वभाव कसा बघा, भाऊ समोर उद्ध्वस्त होऊन बसलाय आणि माझी नजर त्या टवक्यावर. आतल्या आत चडफडायचो. तो गेला की गाडी ब्रशने पुसायचो आणि टवका अंगठ्याने चाचपायचो.

असंच एकदा पुसताना बारीक काचेतून आत पाहिलं आणि हात थांबला. बत्ताशाचं स्टिअरिंग डावीकडे होतं. असणारच. तिकडे सगळ्यांचं डावीकडेच असतं. हे मला इतकी वर्षं माहीत होतं, पण टेबलावरच्या त्या अपघाताशी मी त्याचा संबंध जोडला नव्हता. भाऊ दर रविवारी जी बाजू डब्यावर आदळत होता ती त्या गाडीत चालवणाऱ्याची बाजू होती.

पुढच्या रविवारी मी कपाटातून एक हिरवी इंग्लिश गाडी काढून ठेवली. इंग्रजांचं स्टिअरिंग उजवीकडे, आपल्यासारखंच.

"ही घे," मी म्हटलं. "त्या गाडीत बाजू उलटी होते. हिच्यात बरोबर होईल."

"नको."

"अरे, चूक होतेय ती."

"मला माहीत आहे, दादा." त्याने बत्ताशाच्या डाव्या खिडकीवर बोट ठेवलं. "ह्यात इकडे मी बसतो." मग बोट उजव्या खिडकीवर नेलं. "आणि ती इकडे."

त्याने गाडी डब्यावर नेली. टक्. उजव्या बाजूकडे वाकून पाहिलं आणि मान हलवली, जसं काही खरंच तिथे कोणी बसलं होतं. "वाचली," तो म्हणाला.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. बायको तिथे पाठमोरी उभी होती, तिने ऐकलं होतं. चहा करायचा तर पावडरचा डबा बाहेर टेबलावर होता. आम्ही दोघं गॅस न पेटवता नुसते उभे राहिलो.

त्या दिवसापासून बायको म्हणायला लागली, "हा खेळ बंद करा. तो स्वतःला मारायची प्रॅक्टिस करतोय आपल्या टेबलावर." मी म्हणायचो, येतोय तेवढं तरी चाललंय, तेही बंद केलं तर उरेल ती खुर्ची. पण रोज तेच मनात घोळायचं. मला वाटलं, याच्या डोक्यात एकच किडा आहे, की काहीतरी करता आलं असतं. ते करता येणं शक्यच नव्हतं, हे कोणीतरी याला मापून दाखवलं पाहिजे. आणि मापात माझा हात कोण धरणार?

उन्हाळा लागला होता. बाहेर लूचे भाजणारे वारे सुरू होते, दारं-खिडक्या बंद, कूलरचा आवाज. तो आला. मी त्याच्या आधीच टेबल मांडून ठेवलं होतं. एका टोकाला डबा. डब्यापासून दीड वितीवर एक लिंबू.

"हे लिंबू म्हणजे तुला ट्रक दिसला ती जागा," मी म्हटलं. "धुक्यात तुला जेवढं दिसत होतं म्हणतोस ते या गाडीच्या मापात एवढंच भरतं. बरोबर?"

त्याने मान डोलावली. इंजिनिअर माणूस, त्याने मनात हिशेब करून पाहिला असणार.

"आता, वेग किती होता?"

"ऐंशी असेल."

"ऐंशीला, ओल्या रस्त्यावर, ब्रेक दाबल्यावर गाडी पूर्ण थांबायला किती जागा लागते? आधी पाय ब्रेकवर जाईपर्यंत जाते ती धर. मग घसरत जाते ती धर." मी टेप घेतली होती. लिंबापासून धरली आणि सोडत गेलो. टेप डब्याच्या पुढे गेली. टेबल संपलं. मी ती ताणून धरली आणि हवेतून फ्रिजपर्यंत आलो. "इथे," मी फ्रिजवर टिचकी मारली. "तुझी गाडी इथे थांबली असती. कळतंय? डावीकडे घे, उजवीकडे घे, काहीही कर. तुझ्या हातात काही नव्हतंच. हे झालं ते होणारच होतं. तू स्वतःला दोष देणं बंद कर आता, प्लीज यार."

मला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर विजय मिळाल्यासारखं वाटत होतं. एखाद्या फाइलमधली चूक नेमकी सापडल्यावर वाटतं तसं.

तो फ्रिजकडे बघत होता. मग लिंबाकडे बघितलं. मग त्याने बत्तासा उचलला, लिंबापाशी ठेवला, आणि बोटाने तो लिंबू ते डबा हे अंतर दोनदा मोजलं.

"म्हणजे एवढ्यात थांबायचं असेल तर वेग किती पाहिजे होता?" त्याने विचारलं.

मी टेप गुंडाळायला लागलो.

"तीस? तीस असता तर थांबली असती." तो माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघून बोलत होता. "वेग तर माझ्याच हातात होता, दादा."

"अरे, हायवेवर सगळेच—"

"ती म्हणाली होती, थोडं ऊन येऊ दे, मग निघू. मुरथलच्या ढाब्यावर पराठे खात बसू. मी म्हटलं, नको, वहिनीचं हळदीकुंकू आहे, वेळेवर परत यायचंय." त्याने लिंबू बाजूला सारलं. "मी इतके दिवस शोधत होतो की त्या क्षणी मी काय चुकलो. तिथे काही चुकलोच नाही मी. आधीच चुकलो होतो. तू बरोबर मापलंस."

स्वयंपाकघरातून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. हळदीकुंकवाचा शब्द बायकोपर्यंत पोचला होता. त्याने बत्तासा खिशात घातला, चपला घातल्या आणि गेला. मी "अरे ऊन आहे, थांब," एवढंच म्हणू शकलो. टेप माझ्या हातातच होती.

तो पुन्हा रविवारी आला नाही. फोन उचलायचा नाही. सकाळचा अंगठा मात्र येत राहिला. कधी दहाला, कधी बाराला. एक दिवस दुपारपर्यंत आला नाही आणि आम्ही दोघं रिक्षा करून गाझियाबादला धावलो. लिफ्टमध्ये बायको माझा हात धरून उभी होती, जो तिने इतक्या वर्षांत चारचौघांत कधी धरला नव्हता. दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आमच्याकडे बघून त्याला कळलं आम्ही का आलो ते.

"मोबाइल चार्ज नव्हता," तो म्हणाला. "मी आहे. जा तुम्ही."

आत खुर्ची कठड्याजवळ तशीच होती. ती आत घे असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. बायकोने ती स्वतः उचलून खोलीत आणली, आणि त्याने ते करू दिलं.

त्या सगळ्या महिन्यांत मी एकाच गोष्टीवर विचार करत होतो. माझ्या आयुष्यात मी एवढं बिनचूक काम कधीच केलं नसेल, आणि एवढं वाईटही. एखाद्याला खोटं सांगून जगवावं की खरं सांगून मारावं असा प्रश्न कोणी मला आधी विचारला असता तर मी ताडकन उत्तर दिलं असतं, की खोट्याला माझ्याकडे जागा नाही. आता मी रात्रंदिवस एक खोटं घडवत होतो. डायकास्टच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा. तेव्हा खोटं त्याच खात्यातलं हवं होतं. शेवटी जमलं. मला ते चांगलं वाटलं. निदान बायकोला म्हणून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "सांगा. काय वाट्टेल ते सांगा, पण सांगा."

दिवाळी गेली. तो आला नाही. पुन्हा धुकं पडायला लागलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी कॅलेंडरासमोर बायको उभी राहिली आणि काही न वाचता परत फिरली. यंदा हळदीकुंकू नव्हतं. सवयीने तिने तीळ भाजले, गुळाचा पाक केला, घरापुरता तिळगूळ वळला आणि ताटली देवासमोर ठेवली.

संक्रांतीला सकाळी बेल वाजली. बाहेर धुकं इतकं होतं की समोरची इमारत दिसत नव्हती. दारात तो होता. मेट्रो स्टेशनपासून चालत आला होता, केसांवर दव. त्याने वाकून वहिनीला नमस्कार केला. तिने त्याला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग तो देवासमोर गेला, ताटलीतला एक तिळगूळ उचलला आणि माझ्यापाशी येऊन माझ्या हातावर ठेवला.

"तिळगूळ घे," तो म्हणाला. आणि थांबला.

पुढचे दोन शब्द आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात. ते मराठी माणूस शत्रूलाही म्हणतो. त्याने म्हटले नाहीत. मी वाट बघितली. बायकोनेही बघितली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता.

"अरे, एक सांगायचं राहिलंच," मी म्हटलं. माझा आवाज मला ऑफिसातल्यासारखा वाटला. "ते त्या दिवशीचं माप. ते चुकलंच होतं माझं. बत्तासा त्रेचाळीसाव्या मापाचा नाही. त्या छोट्या इटालियन गाड्या मापात फारच बारीक होतात म्हणून मोठ्या करून बनवतात, हे मला नंतर कळलं. सगळी अंतरं चुकली. लिंबू चुकलं. वेग तीस असता, वीस असता, तरी तुला थांबता आलं नसतं. ते कोणालाच जमलं नसतं. मी... मी बिल्कुल चुकीचा हिशेब केला."

तो ऐकत होता. माझं बोलून संपलं तेव्हा त्याने स्वेटरखालच्या खिशात हात घातला आणि बत्तासा काढला. टवका तसाच होता, त्याच्या कडा आता गुळगुळीत झाल्या होत्या. रोज हाताळून झाल्या असतील. त्याने गाडी तळहातावर उताणी केली आणि माझ्यासमोर धरली.

प्रत्येक मॉडेलच्या पोटाखाली अक्षरं ओतलेली असतात. देश, आणि माप. चष्म्याशिवाय मला ती वाचता येत नाहीत. पण तिथे एकास त्रेचाळीस लिहिलेलं आहे हे मला माहीत होतं, आणि हे त्यालाही माहीत होतं. मीच त्याला लहानपणी गाडी उलटी करून माप कसं वाचायचं ते शिकवलं होतं.

मी मान खाली घातली. हातातला तिळगूळ चिकट झाला होता.

"गोड बोललास, दादा," तो म्हणाला, आणि त्याने बत्तासा देवासमोर तिळगुळाच्या ताटलीशेजारी ठेवला, ती ठेवायची तिथे.